पंचेचाळीसचा काप

नाशिकमध्ये घरच्या घरी सुतारकाम करणाऱ्याचा कारखाना म्हणजे बहुतेकदा सोसायटीच्या पार्किंगमधली एका गाडीची जागा. तिथे आठ बाय चारचा, १८ मिलिमीटरचा प्लाय आडवा पडला की शेजारच्या स्कूटरला हलावं लागतं. वजन तीस-पस्तीस किलो, एकट्याला आवरत नाही. त्यातून सरळ पट्ट्या काढणं कसंबसं जमतं. कपाटाच्या कोपऱ्यावर प्लायच्या थरांची कड दिसू नये म्हणून दोन्ही फळ्यांना पंचेचाळीसचा तिरपा काप द्यायचा ठरला, की येणारा-जाणारा सल्ले देऊ लागतो. त्यातले बरेचसे चुकीचे असतात.

पहिला सल्ला ठरलेला: ‘टेबल सॉ नसेल तर या भानगडीत पडू नका.’ मोठ्या फळ्यांसाठी सरकत्या टेबलाची करवत विल्हेल्म आल्टेनडॉर्फ या जर्मन माणसाने १९०६ मध्ये आणली. मॉड्युलर फर्निचरवाल्यांकडचा पॅनल सॉ हा त्याच घराण्यातला. तो असेल तर प्रश्नच नाही. पण घरगुती छोट्या टेबल सॉवर सबंध प्लाय ढकलताना मागचं टोक लोंबतं आणि पुढचं उचललं जातं. सरळ कापात हे खपून जातं, पंचेचाळीसमध्ये नाही. इथे फळी एक मिलिमीटर उचलली गेली की कापाची रेघही एक मिलिमीटर सरकते, कारण या कोनात उंची आणि आडवं अंतर सारखंच असतं. त्यात पातं फेन्सच्या बाजूला कललेलं असेल तर तुकडा मध्ये अडकून मागे भिरकावला जाण्याची भीती वेगळीच.

म्हणून प्लाय हलवू नका, करवत हलवा. फ्रिजच्या खोक्यातलं थर्मोकोल जमिनीवर पसरा, त्यावर प्लाय सपाट ठेवा, वर गाइड म्हणून ॲल्युमिनियमचा सेक्शन दोन्ही टोकांना शिकंज्याने आवळा आणि हातातली सर्क्युलर सॉ त्याला टेकवून चालवा. सुरू करण्याआधी प्लायवरचा भुसा झाडा. सॉच्या तळाखाली आलेली एक खपलीसुद्धा वरच्याच हिशेबाने रेघ हलवते. मी एकदा झाडायला विसरलो. सात फुटांच्या कापात मधोमध आलेली वळी अजून त्या कपाटात आहे, भिंतीच्या बाजूला.

‘मशीनवर ४५ लिहिलंय ना, मग ४५च!’ हाही लाडका समज. ती खूण म्हणजे अंदाज. खात्रीसाठी दोन उरलेले तुकडे त्याच सेटिंगवर कापा, तिरप्या कडा एकमेकींना भिडवा आणि आत गुण्या लावा. अर्ध्या अंशाची चूक इथे दुप्पट होऊन एक अंशाची दिसते, म्हणून डोळ्याला पटकन कळते. अर्धा अंश क्षुल्लक वाटतो खरा. पण चौकटीला चार कोपरे, म्हणजे आठ काप. तीन कोपरे घट्ट बसवले की उरलेली सगळी चूक, चार अंश, चौथ्यावर येऊन साठते. १८ मिलिमीटरच्या प्लायला तिथे पावणेदोन मिलिमीटरची फट पडते. मग फेव्हिकॉल आणि भुसा कालवून ती बुजवायची. पॉलिशचा हात फिरला की तेवढीच रेघ फिकी उठते, कारण सुकलेला फेव्हिकॉल रंग पीत नाही.

चांगली बाजू खाली ठेवण्याचा नियम मात्र अर्धाच खरा आहे. सर्क्युलर सॉचे दात खालून वर येतात, त्यामुळे खपल्या वरच्या बाजूला उडतात. सरळ कापात चांगली बाजू खाली ठेवणं म्हणूनच बरोबर. पण बहुतेक सॉमध्ये पातं कललं की त्याचा खालचा भाग तळपट्टीखाली जातो. मग गाइडखालच्या फळीचं धारदार टोक वर राहतं, आणि कपाटाला बाहेरून दिसणारी बाजू तीच. म्हणजे चांगली बाजू वर ठेवावी लागते, अगदी खपल्या उडतात तिथे. उपाय असा: रेघेवर आधी धारदार सुरीने दोन हात मारा, वर कागदी टेप चिकटवा, बारीक दातांचं पातं लावा, आणि घाई न करता, पण मध्ये न थांबता सॉ पुढे न्या. सरळ कापासाठी बनवलेलं लाकडी गाइड इथे वापरू नका. पातं कलल्यावर त्याची जागा बदलते आणि गाइडचीच कड कापली जाते. पंचेचाळीससाठी वेगळं गाइड लागतं.

आपल्याकडे सुतारांच्या हातात सर्क्युलर सॉपेक्षा चार इंची मार्बल कटर जास्त दिसतो, आणि ‘पातं बदललं की झालं’ असं मानतात. हे यंत्र दगडासाठी बनवलेलं आहे. मिनिटाला बारा हजारांच्या आसपास फेरे, आणि लाकूड पात्याला चिमटू नये म्हणून मागे असते ती पाचर त्याला नसते. शिवाय १८ मिलिमीटरचा प्लाय पंचेचाळीसमध्ये कापताना पात्याला साडेपंचवीस मिलिमीटर लाकूड चिरावं लागतं. कटर पुरतो तो जेमतेम, आणि गाइड त्याच्या तळाखाली आलं तर तेवढाही पुरत नाही. तरी वापरणारच असाल तर पात्यावर छापलेली फेऱ्यांची मर्यादा कटरपेक्षा जास्त आहे ना, ते आधी पाहा.

जोडताना कोपरा उभा करून शिकंज्याशी झटापट करू नका. दोन्ही फळ्या बाहेरची बाजू वर करून टोकाला टोक लावून ठेवा, सांध्यावर लांबलचक चिकटपट्टी ताणून लावा. मग दोन्ही एकदम उलटवा, मधल्या खाचेत फेव्हिकॉल भरा आणि पुस्तक मिटावं तशा काटकोनात दुमडा. टोकं टेपनेच एकमेकांवर आवळली जातात. फक्त दोन्ही फळ्या एकाच प्लायमधून काढलेल्या असू द्या. १८ म्हणून विकत आणलेल्या दोन प्लायची जाडी मोजली तर वेगवेगळी भरते, आणि मग काप कितीही नेमका असला तरी आतल्या कडा जुळत नाहीत.