फ्लश टँकची रात्रीची कुरकुर

अंधेरी, घाटकोपर वा मुलुंडच्या इमारतींत रात्री फ्लश टँकमधून अधूनमधून ऐकू येणारा सूं-सूं आवाज हा बहुधा गळतीचा आवाज असतो. टँकमधले पाणी नकळत भांड्यात झिरपते, पातळी उतरते, तरंगणारा फुगा खाली जातो आणि त्याला जोडलेली झडप, म्हणजे बॉलकॉक, पुन्हा उघडते.

गळतीच्या वाटा दोन असल्याने आधी निदान करावे. टँकमध्ये थोडी नीळ घालून अर्धा तास फ्लश न करता थांबल्यावर भांड्यात निळसर पाणी दिसले, तर तळाच्या झडपेचे रबरी वॉशर झिजले आहे किंवा त्यावर क्षार साचले आहेत, असे समजावे. पाणी जर टँकमधल्या उभ्या ओव्हरफ्लो नळीच्या तोंडातून आत पडत असेल, तर दोष बॉलकॉकचा असतो. फुगा थोडा खाली बसवून पातळी नळीच्या तोंडाखाली साधारण एक इंच ठेवावी. तरीही धार थांबली नाही, तर बॉलकॉकच्या छिद्रात कचरा अडकला असावा; पाणीपुरवठा खंडित होऊन पूर्ववत झाल्यावर सुटणारा गंज आणि गाळ हे त्याचे नेहमीचे कारण (प्लंबर मात्र अनेकदा थेट नवा टँकच सुचवतात).

 म्हणून टँकला पाणी देणारा अँगल कॉक बंद करून आधी वॉशर बदलावे किंवा छिद्र साफ करावे; टँक बदलण्याची वेळ क्वचितच येते.