दगडखाणीजवळचा ओहोळ : ऋतूनुसार पाण्याचे गुणधर्म का बदलतात?

ठाण्याहून शीळफाट्यामार्गे कल्याण-डोंबिवलीकडे जाताना पोखरलेले डोंगर दृष्टीस पडतात. मुंबई, ठाणे व नवी मुंबई येथील इमारतींना आणि रस्त्यांना लागणारी खडी या परिसरातील काळ्या दगडाच्या खाणींनी वर्षानुवर्षे पुरविली आहे. याच उतारांवरून ओहोळ वाहतात व पुढे खाडीस मिळतात. काठच्या पाड्यांवरील कुटुंबे या पाण्यात कपडे धुतात, गुरांना पाणी पाजतात. जवळच्या विहिरींनाही त्याचाच पाझर लागतो. हे पाणी सुरक्षित आहे काय, या प्रश्नाचे उत्तर अनेकदा एकाच तपासणीवरून दिले जाते. ते उत्तर अपुरे का ठरते, हे आम्ही येथे स्पष्ट करू इच्छितो.

दगडाचा स्वभाव

आपला काळा दगड म्हणजे बेसाल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून तो बनला. चंद्रपूरकडील कोळसा खाणींत गंधकयुक्त खनिजे हवा व पाण्याच्या संपर्काने आम्ल निर्माण करू शकतात. बेसाल्टमध्ये अशी खनिजे अत्यल्प असतात. उलट, पावसाचे किंचित आम्लधर्मी पाणी या दगडातून झिरपताना कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट व सिलिका विरघळवून घेते. त्यामुळे येथील झऱ्यांचे पाणी स्वभावतः किंचित अल्कधर्मी असते. खाणीमुळे त्यात दोन गोष्टींची भर पडते : क्रशरची बारीक भुकटी आणि सुरुंगातील अमोनियम नायट्रेटचा न जळालेला अंश. हा अंश पाण्यात सहज विरघळतो.

वर्षाचे चार टप्पे

कोकणातील पावसापैकी नव्वद टक्क्यांहून अधिक पाऊस जून ते सप्टेंबर या काळात पडतो. जूनच्या पहिल्या सरी उन्हाळाभर साचलेली भुकटी, क्षार, तेल व नायट्रेट एकदम धुऊन आणतात. वर्षातील सर्वांत गढूळ पाणी बहुधा याच काही दिवसांत वाहते.

जुलै-ऑगस्टमध्ये पाणी विपुल असते. क्षारांचे प्रमाण विरळ होते. मात्र प्रत्येक मोठ्या सरीबरोबर गाळ पुन्हा वाढतो. या दिवसांतला अहवाल क्षारांबाबत निर्दोष दिसू शकतो, पण त्यावरून मे महिन्याविषयी काहीच कळत नाही.

ऑक्टोबरनंतर पाणी नितळ होते. आता ओहोळात मुख्यतः जमिनीतून झिरपलेले पाणी असते व त्याचा जडपणा हळूहळू वाढतो. नितळ पाणी शुद्धच असते, हा समज येथेच घातक ठरतो. कारण नायट्रेटला रंग नाही, वास नाही.

उन्हाळ्यात ओहोळाची डबकी उरतात. बाष्पीभवनाने पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात. डबक्यातील शेवाळ दिवसा कार्बन डायऑक्साइड शोषून घेते, त्यामुळे दुपारी पाण्याचा सामू चढतो. सकाळी व दुपारी घेतलेले नमुने म्हणूनच वेगळे आकडे दाखवितात.

धोका कोणाला?

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार सामू ६.५ ते ८.५ असावा व नायट्रेट लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे. जास्त नायट्रेट तान्ह्या बाळांच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटविते. पाणी उकळल्याने नायट्रेट जात नाही. पाणी आटल्यामुळे त्याचे प्रमाण उलट वाढते. बाळाचे दूध विहिरीच्या पाण्यात कालविणाऱ्या मातेला ही गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे.

दोष ठरविण्यापूर्वी

नायट्रेट सांडपाण्यातूनही येते. कल्याणजवळ उल्हास नदीला मिळणाऱ्या वालधुनीत घरगुती सांडपाणी व कारखान्यांचे पाणी मिसळत आले आहे. म्हणून खाणीच्या वरच्या अंगाला एक व खालच्या अंगाला एक असे दोन नमुने घ्यावेत. दोहोंतील फरकच खाणीचा वाटा दाखवू शकतो. दोन्हींच्या मध्ये वस्तीचे गटार मिळत असल्यास त्याची नोंद करावी.

आपण काय करू शकतो?

धर्मग्रामातील युवकांनी व महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी दरमहा ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी सामू, विरघळलेले क्षार, गढूळपणा व नायट्रेट यांची नोंद ठेवावी. निदान मे महिन्यात, पहिल्या पावसात, ऑगस्टमध्ये व डिसेंबरमध्ये तपासणी अवश्य व्हावी. विहिरीचे पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्यावे. खाणीतील गाळ साठविण्याचे खड्डे जूनपूर्वी रिकामे झाले की नाही, याची विचारणा ग्रामपंचायतीने अथवा महापालिकेने करावी.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' या परिपत्रकात सुरक्षित पिण्याचे पाणी हा मूलभूत मानवी हक्क असल्याचे सांगितले. तो हक्क पावसाळ्यापुरता नाही. पाड्यावरील कुटुंब बाराही महिने त्याच पाण्यावर जगते; तपासणीही बाराही महिन्यांची असली पाहिजे.