गाण्याची स्पर्धा : कोठे आणि केव्हा?

आम्ही एका गावी साक्षरतेचा वर्ग पाहायला गेलो होतो. तेथे ऐकलेली ही हकिगत आहे.

गावातली एक पोर गोड गळ्याची. टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत तिची निवड झाली. गावाला आनंद झाला. ठरल्या दिवशी रात्री सारी आळी तिच्या आजीच्या ओसरीवर जमली. पोरं पुढं, बाया मागं, म्हातारी मंडळी बाजेवर. नऊ वाजता टीव्ही लावला. गाणी सुरू झाली. एक गायला, दुसरा गायला, तिसरा गायला. आपली पोर काही दिसेना!

साडेदहाला कोणाच्या तरी लक्षात आलं. स्पर्धेचं नाव तेच होतं, पण वाहिनी हिंदी होती. पोर गात होती मराठी वाहिनीवर. ती लावेपर्यंत तिचं गाणं होऊन गेलं होतं.

आजीच्या डोळ्यांत पाणी आलं. जाहिरातीचा कागद तर आठ दिवस घरातच होता. खुंटीला टांगलेला. पण वाचला कोणी?

मंडळी, असं आपल्या घरी होऊ नये. म्हणून आज आपण जाहिरात कशी वाचायची ते पाहू.

चार गोष्टी शोधा

जाहिरात वर्तमानपत्रातली असो, फोनवरची असो की टीव्हीवरची असो. तिच्यात चार गोष्टी असतात. कोणती वाहिनी? कोणत्या तारखेपासून? कोणते वार? किती वाजता? या चारही मिळाल्या की काम झालं. एक जरी राहिली तरी घोटाळा होतो.

पहिली गोष्ट : वाहिनी

वाहिनीचं नाव पुरतं वाचावं. अर्धं वाचून भागत नाही. 'झी टीव्ही' ही हिंदी वाहिनी. 'झी मराठी' ही मराठी वाहिनी. 'सा रे ग म प' ही स्पर्धा दोन्हींवर झालेली आहे. 'इंडियन आयडॉल' ही स्पर्धा २००४ साली सोनी या हिंदी वाहिनीवर सुरू झाली. पुढे २०२१ साली ती मराठीतही आली, ती 'सोनी मराठी'वर. म्हणजे नाव एक, पण घरं दोन. पाहुण्याला जायचं तर नुसतं आडनाव सांगून चालतं का? गल्लीही सांगावी लागते. तसंच हे.

वाहिनीला क्रमांकही असतो. पण तो सगळीकडे सारखा नसतो. शेजाऱ्याची छत्री एका कंपनीची, आपला डबा दुसऱ्या कंपनीचा. तर क्रमांक वेगळा. म्हणून शेजाऱ्याचा क्रमांक घेऊ नये. आपल्या केबलवाल्याला विचारावं, नाही तर रिमोटवरचं 'गाईड' हे बटण दाबावं. पडद्यावर वाहिन्यांची यादी येते. पुढचे कार्यक्रम आणि त्यांच्या वेळाही बहुधा तेथेच दिसतात.

दूरदर्शनच्या मोफत डिशला दरमहा पैसे पडत नाहीत. पण तिच्यावर सगळ्याच वाहिन्या येत नाहीत. पैशाच्या वाहिनीचे पैसे भरलेले नसले तर तीही दिसत नाही. तेव्हा वाहिनी आपल्या घरी येते की नाही, हे दोन दिवस आधीच लावून पाहावं. ऐन वेळी धावाधाव नको.

दुसरी गोष्ट : तारीख

फोनवर जुन्या जाहिराती फिरत राहतात. म्हणून तारखेबरोबर सालही पाहावं.

एक उदाहरण घ्या. झी मराठीवर 'लिटिल चॅम्प्स' ही लहान मुलांची स्पर्धा फार गाजली. २००९ साली तिचा शेवटचा सोहळा झाला. आळंदीची कार्तिकी गायकवाड पहिली आली. तिच्याबरोबर अलिबागची मुग्धा वैशंपायन होती, रत्नागिरी जिल्ह्यातल्या आरवलीचा प्रथमेश लघाटे होता, लातूरचा रोहित राऊत होता, पुण्याची आर्या आंबेकर होती. गावोगावची ही पोरं घराघरांत पोहोचली. पुढे २०२१ साली 'लिटिल चॅम्प्स' पुन्हा आलं, तेव्हा हीच पाच जण परीक्षक म्हणून बसली! आता कोणी २००९ ची जाहिरात २०२१ साली वाचली असती, तर काय झालं असतं? म्हणून साल वाचा.

तिसरी गोष्ट : वार

'सोमवार ते बुधवार' असं छापलं असेल तर तीन दिवस धरावे. सोमवार, मंगळवार आणि बुधवार. 'शनिवार आणि रविवार' असं असेल तर दोनच दिवस. 'ते' आणि 'आणि' हे शब्द लहान आहेत, पण त्यांनी दिवस बदलतात.

चौथी गोष्ट : वेळ

'रात्री ९ वाजता' हे सोपं आहे. पण पडद्यावर कधी कधी २१:०० असं येतं. घाबरू नये. बाराच्या पुढचा आकडा दिसला की त्यातून १२ वजा करावे. २१ वजा १२ म्हणजे ९. रात्रीचे नऊ. २०:३० म्हणजे रात्रीचे साडेआठ. १३:०० म्हणजे दुपारचा एक. वर्गात शिकलेली वजाबाकी ही अशी कामाला येते.

पडद्यावरचे आकडे बहुधा इंग्रजी वळणाचे असतात. तेही शिकून घ्यावे. दहाच तर आकडे आहेत!

फोनवर पाहताना

झी मराठीचे कार्यक्रम फोनमध्ये 'झी फाइव्ह'वर असतात, सोनी मराठीचे 'सोनी लिव्ह'वर. पैसे मागितले तर आधी नीट वाचावं, मग ठरवावं.

आणि एक सावधगिरी. "तुमच्या मुलीची स्पर्धेत निवड झाली, ताबडतोब पैसे भरा," असा निरोप अनोळखी माणसाकडून आला तर हुरळून जाऊ नये. कार्डाचा पिन कोणालाही सांगू नये. फसवणूक झालीच, तर लगेच १९३० या सरकारी क्रमांकावर फोन करावा.

आजीचं काय झालं?

त्या रात्री धाकटी सून उठली. नुकतीच वर्गाला जाऊ लागली होती. तिनं खुंटीचा कागद काढला, दिव्याखाली धरला आणि एकेक अक्षर लावून वाचू लागली. अगदी खाली बारीक अक्षरांत एक ओळ होती. ती वाचून ती म्हणाली, "आत्या, रडू नका. पुनःप्रक्षेपण उद्या दुपारी बारा वाजता, असं लिहिलंय. म्हंजे तेच गाणं उद्या परत दाखवणार!"

दुसऱ्या दिवशी अकरालाच सारी आळी ओसरीवर हजर. या वेळी वाहिनी सुनेनं लावली. पोर पडद्यावर आली, गायली. आजीनं जागेवरूनच बोटं मोडून तिची दृष्ट काढली. मग सुनेकडे वळून म्हणाली, "नातीनं गाणं म्हटलं खरं, पण मला ऐकवलं तू गं बाई."

पुढच्या सोमवारी आजीही वर्गाला येऊन बसली.

सांगा पाहू

१. जाहिरातीत कोणत्या चार गोष्टी शोधाव्या?
२. २२:०० म्हणजे किती वाजले?
३. 'गुरुवार ते शनिवार' म्हणजे किती दिवस?
४. आज घरी वर्तमानपत्र किंवा फोन घ्या. एका कार्यक्रमाची वाहिनी, तारीख, वार आणि वेळ वहीत उतरवून आणा.