खातेदाराच्या माहितीचा विश्वस्त कोण?

प्रस्तुत लेखकाचे एक ज्येष्ठ सहकारी काही काळापूर्वी महाविद्यालयातून सेवानिवृत्त झाले. भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी यांची रक्कम हाती येताच त्यांनी कोणताही मध्यमवर्गीय नोकरदार करील तेच केले. आपल्या नेहमीच्या बँकेत ती मुदत ठेवीत गुंतविली. पावती कपाटात ठेवून तिसरा दिवस उजाडतो न उजाडतो तोच त्यांना एका विमा योजनेच्या विक्रेत्याचा दूरध्वनी आला. या अपरिचित गृहस्थाला त्यांचे नाव, वय आणि निवृत्तीची तारीख तर ठाऊक होतीच. ठेवीचा आकडाही त्याला हजारापर्यंत बिनचूक माहीत होता. संतापून ते शाखेत गेले. तेथील अधिकाऱ्याने त्यांना बसवून घेतले, चहा मागविला आणि अत्यंत सौजन्याने विचारले, "पण सर, यात आपले नुकसान काय झाले? ठेव तर सुरक्षित आहे ना?"

आमच्या सहकाऱ्यांना त्या वेळी उत्तर सुचले नाही. ते त्यांना सुचू नये यात नवल नाही. कारण पैशाचे नुकसान मोजण्याची आपल्याला सवय आहे, माहितीचे नुकसान मोजण्याची नाही. परंतु हा प्रश्न विचारला गेला आहे आणि तो एका बँकेच्या अधिकाऱ्याने विचारला आहे. तेव्हा त्याचा शांतपणे विचार करणे अगत्याचे आहे.

माहितीवाचून पतपुरवठा नाही

बँकेला आपली माहिती हवीच कशाला, येथून प्रारंभ करू. कर्ज देणे म्हणजे आजचा पैसा उद्याच्या वचनावर देणे होय. ते वचन किती भरवशाचे आहे हे घेणाऱ्याला ठाऊक असते, देणाऱ्याला नसते. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० साली माहितीच्या या विषमतेवर एक निबंध लिहिला. पुढे २००१ मध्ये त्यांना स्पेन्स आणि स्टिगलिट्झ यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. जुन्या मोटारगाड्यांच्या बाजाराचे उदाहरण देणारा निबंध म्हणून तो प्रसिद्ध आहे. मात्र त्याच निबंधात भारतातील खेड्यातल्या सावकाराचीही चर्चा आहे, हे फारसे कोणी सांगत नाही. सावकार भारी व्याज घेऊनही टिकून राहतो, याचे एक कारण त्याच्यापाशी ऋणकोच्या स्वभावाची आणि घरादाराची जी माहिती असते ती शहरातल्या धनिकापाशी नसते. माहिती हेच त्याचे खरे भांडवल.

या भांडवलाची दाहकता महाराष्ट्राने फार पूर्वी अनुभवली आहे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला आणि त्याचे लोण आसपासच्या गावांत व नगर जिल्ह्यात पसरले. दख्खनचे दंगे म्हणून इतिहासात नोंदल्या गेलेल्या या उठावात शेतकऱ्यांचा रोख मुख्यत्वे कर्जरोखे, हुकूमनामे आणि हिशेबाच्या वह्या यांवर होता. ते कागद मिळवून जाळण्यात आले. आपल्या आयुष्याचा हिशेब दुसऱ्याच्या पेटीत आहे, तो आपल्याला वाचता येत नाही आणि त्यात काय लिहिले जाते यावर आपला काही अधिकार चालत नाही, ही त्यामागची वेदना होती. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी संरक्षण कायदा आला. धनकोने पावती द्यावी, दरसाल हिशेबाचा उतारा द्यावा, मागितल्यास पासबुकात खाते मांडून द्यावे, असे हक्क त्याने शेतकऱ्याला दिले. आपण आज ज्या पासबुकाला सामान्य वस्तू समजतो, त्यामागे असा इतिहास आहे.

तात्पर्य, बँकेने माहिती विचारण्यात गैर काही नाही. किंबहुना सावकाराची व्यक्तिगत माहिती जाऊन तिच्या जागी नियमबद्ध माहिती आली, म्हणूनच शिक्षक, कारकून आणि लहान दुकानदार यांना माफक व्याजाने कर्ज मिळू लागले. परंतु ही माहिती एका विशिष्ट कामासाठी दिलेली असते. तीही एक ठेवच आहे.

दोन ठेवींतील फरक

मात्र पैशाची ठेव आणि माहितीची ठेव यांत एक मूलभूत फरक आहे. तिजोरीतून शंभर रुपये गेले तर तिजोरीत शंभर रुपये कमी भरतात. संध्याकाळी रोकड जुळत नाही आणि रोखपालाला घरी जाता येत नाही. माहितीचे तसे नाही. ती हजार ठिकाणी गेली तरी मूळ जागी जशीच्या तशी राहते. तिचा ताळेबंद निघत नाही, तिची तूट कोणत्याही खतावणीत दिसत नाही. शिवाय ती फुटल्याचा भुर्दंड पडतो तो खातेदारावर. बँकेच्या नफातोट्याच्या पत्रकावर त्याची सावलीही पडत नाही. ज्याच्या हाती दक्षता आहे त्याला तोटा नाही आणि ज्याला तोटा आहे त्याच्या हाती काही नाही. अशा स्थितीत बाजार आपोआप दक्षता निर्माण करीत नाही, हा अर्थशास्त्राचा प्राथमिक सिद्धान्त आहे. येथे कायद्याची गरज उत्पन्न होते.

कायदा काय सांगतो?

या विषयावरील कायद्याचा पाया इंग्लंडमधील एका साध्या माणसाच्या दाव्याने घातला. टूर्निए नावाच्या फिरत्या विक्रेत्याच्या खात्यावर नऊ पौंडांच्या आसपास जादा उचल झाली होती आणि ती दर आठवड्यास एक पौंड देऊन फेडण्याचे त्याने कबूल केले होते. हप्ते थकले. शाखेच्या व्यवस्थापकाने त्याच्या मालकाला दूरध्वनी केला आणि बोलता बोलता, हा गृहस्थ पैजा लावीत असावा, असेही सांगून टाकले. टूर्निएची नोकरी पुढे चालू ठेवली गेली नाही. खालच्या न्यायालयात तो हरला. परंतु अपील न्यायालयाने, खातेदाराची माहिती गुप्त राखणे हे बँकेचे केवळ नैतिक नव्हे, तर कराराने येणारे कायदेशीर कर्तव्य आहे, असे ठरविले. १९२४ च्या विधिवृत्तांत नोंदल्या गेलेल्या या निर्णयाने त्या कर्तव्याला चारच अपवाद मान्य केले: कायद्याची सक्ती, सार्वजनिक हिताचे कर्तव्य, बँकेच्या स्वतःच्या हिताची निकड आणि खातेदाराची स्पष्ट वा गर्भित संमती. भारतीय न्यायालयांनीही हे तत्त्व स्वीकारले आहे.

आपल्याकडे १९ जुलै १९६९ रोजी चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. त्यासंबंधीच्या १९७० च्या कायद्यातील तेराव्या कलमाने गुप्ततेचे बंधन बँकांवर घातले आणि संचालकापासून कर्मचाऱ्यापर्यंत प्रत्येकाने कामावर रुजू होण्यापूर्वी निष्ठा व गुप्तता यांचे प्रतिज्ञापन करावे, असे ठरविले. स्टेट बँकेच्या १९५५ च्या कायद्यातही अशीच तरतूद आहे. पुढे २००४ मध्ये कॅनरा बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, कागदपत्रे बँकेच्या स्वाधीन केल्याने खातेदाराचा त्यांवरील खासगीपणाचा हक्क संपत नाही, असा निर्वाळा दिला. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमुखाने घोषित केले. तत्त्वाच्या पातळीवर, म्हणजे, उणे काही नाही.

प्रतिज्ञापनाच्या बाहेरचे हात

उणीव आहे ती व्यवहारात. १९७० चा कायदा झाला तेव्हा खातेदाराची माहिती शाखेतल्या जाडजूड खतावणीत असे. ती पाहणारे हात मोजके होते आणि त्या प्रत्येक हाताने प्रतिज्ञापनावर सही केलेली असे. आज त्याच माहितीला स्पर्श करणारे हात किती? संगणक यंत्रणा पुरविणारी कंपनी, कार्ड छापणारा कंत्राटदार, दूरध्वनी केंद्रातील मुलेमुली, कर्जवसुलीचा एजंट, विमा आणि म्युच्युअल फंड विकणारी भगिनी संस्था! यांपैकी अनेकांचा बँकेशी संबंध एका कंत्राटापुरता असतो. कंत्राटदाराच्या चुकीची जबाबदारी बँकेची, असे रिझर्व्ह बँकेच्या सूचना सांगतात. पण चूक नेमकी कोठे झाली हे खातेदाराने कसे शोधावे?

या नव्या व्यवस्थेचे धोके काल्पनिक नाहीत. २०१६ च्या ऑक्टोबरात निरनिराळ्या बँकांच्या सुमारे ३२ लाख डेबिट कार्डांचा तपशील चोरट्यांच्या हाती पडल्याची शक्यता उघड झाली आणि बँकांना कार्डे बदलून द्यावी लागली किंवा गुप्त क्रमांक बदलावयास सांगावे लागले. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर सायबर हल्ला झाला. बनावट कार्डांच्या साहाय्याने २८ देशांतील यंत्रांमधून पैसे काढले गेले आणि अवघ्या काही दिवसांत सुमारे ९४ कोटी रुपये गेले. १९०६ साली स्थापन झालेल्या संस्थेवर हा प्रसंग यावा, हे पुरेसे बोलके आहे.

आणि मग संमतीचा प्रश्न. खाते उघडताना आपण बारीक टाइपातील इंग्रजी मजकुराखाली जी सही करतो, तिच्यात आपली माहिती 'संलग्न संस्थांना' देण्याची अनुमती दडलेली असू शकते. वाचता न येणाऱ्या शेतकऱ्याचा अंगठा आणि न वाचणाऱ्या पदवीधराची सही यांत फारसे अंतर नाही. या दृष्टीने २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा स्वागतार्ह आहे. संमती मुक्त, विशिष्ट आणि समजून दिलेली असली पाहिजे, असे तो सांगतो. एवढेच नव्हे, तर संमतीची सूचना घटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचण्याचा पर्याय देतो. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य तरतुदींच्या अंमलबजावणीसाठी अठरा महिन्यांची मुदत ठेवण्यात आली.

पण या कायद्यात एक गंभीर उणीव आहे आणि ती येथे नमूद केली पाहिजे. माहितीच्या सुरक्षिततेत कसूर करणाऱ्या संस्थेला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तो जमा होतो सरकारच्या तिजोरीत. ज्याची माहिती फुटली त्याला त्यातून एक छदामही मिळावयाचा नाही. उलट माहिती तंत्रज्ञान कायद्यातील ज्या ४३ अ कलमाखाली अशा व्यक्तीला नुकसानभरपाई मागता येत असे, ते कलम वगळण्याची तरतूद याच कायद्यात आहे. वर म्हटल्याप्रमाणे भुर्दंड खातेदारावरच पडतो, हे ज्याला मान्य आहे त्याला ही योजना न्याय्य वाटणार नाही.

गुप्तता कोणाची?

येथे एक आक्षेप संभवतो. बँकांच्या गुप्ततेचा इतका आग्रह धरल्यास करबुडवे आणि कर्जबुडवे यांचे फावणार नाही काय? आक्षेप रास्त आहे. स्वित्झर्लंडने १९३४ च्या कायद्याने बँकेची गुप्तता भंग करणे हा गुन्हा ठरविला आणि पुढे जगभरच्या काळ्या पैशाला तेथे आश्रय मिळाला, हे सर्वश्रुत आहे. आपल्याकडेही रिझर्व्ह बँकेने माहितीच्या अधिकाराखाली बँकांच्या तपासणीची आणि थकबाकीदारांची माहिती देण्यास नकार दिला होता. डिसेंबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पवित्रा अमान्य केला. रिझर्व्ह बँकेचे कर्तव्य बँकांचा नफा सांभाळण्याचे नसून जनतेच्या हिताचे आहे, असे न्यायालयाने बजावले.

या दोन गोष्टींत विरोध नाही. खासगीपणा हा नागरिकाचा हक्क आहे, संस्थेच्या गैरकारभारावर घालावयाचे पांघरूण नव्हे. निवृत्त शिक्षकाची ठेव विमा विक्रेत्याला कळावी आणि कोट्यवधींची थकबाकी मात्र जनतेला कळू नये, हा क्रम उलटा आहे. करवसुली वा मनी लाँडरिंगच्या तपासासाठी शासनाने माहिती मागू नये, असेही कोणी म्हणणार नाही. ती कायद्याने ठरविलेल्या अधिकाऱ्याने, लेखी कारण देऊन मागावी, इतकेच.

आपल्या हाती काय आहे?

खातेदारानेही काही पथ्ये पाळावयास हवीत. ओळखपत्राची प्रत देताना तिच्यावर दिनांक आणि प्रयोजन लिहावे. जेथे चालेल तेथे शेवटचे चारच अंक दाखविणारे आधारपत्र द्यावे. झेरॉक्सच्या दुकानातील बिघडलेली प्रत तेथे टाकून येऊ नये. खात्यातून अनधिकृत रक्कम गेल्यास तत्काळ बँकेला आणि १९३० या क्रमांकावर कळवावे. जुलै २०१७ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने, त्रयस्थाच्या कृत्याने झालेली फसवणूक तीन कामाच्या दिवसांत कळविणाऱ्या खातेदारावर कोणतीही जबाबदारी राहणार नाही, असे म्हटले होते. मात्र गुप्त क्रमांक आपणच कोणाला सांगितला असेल तर कळवीपर्यंतचे नुकसान आपले. तक्रार नेहमी लेखी करावी, पोच घ्यावी, आणि तीस दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे.

आमच्या सहकाऱ्यांनी तशी लेखी तक्रार केली. आपल्या ठेवीची माहिती बँकेने कोणाकोणाला दिली, एवढा एकच प्रश्न त्यांनी विचारला होता. उत्तरात बँकेने दिलगिरी व्यक्त केली आणि ग्राहकसेवेविषयीची आपली बांधिलकी कळविली. प्रश्नाला उत्तर नव्हते. नव्या कायद्याच्या अकराव्या कलमाने नेमका हाच प्रश्न विचारण्याचा हक्क नागरिकाला दिला आहे: माझी कोणती माहिती तुमच्यापाशी आहे आणि ती तुम्ही कोणाकोणाला दिली? १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्याला पैशाचा हिशेब मागण्याचा हक्क मिळाला. माहितीचा हिशेब मागण्याचा हक्क त्यानंतर जवळजवळ दीडशे वर्षांनी कागदावर आला आहे. तो अमलात येईल त्या दिवशी आपण तेच पत्र पुन्हा पाठविणार आहोत, असे आमच्या सहकाऱ्यांनी सांगितले. त्यांनी पत्राची प्रत जपून ठेवली आहे. अशी पत्रे शेकड्यांनी गेली, तरच नुकसान काय झाले, हा प्रश्न बँकेचे अधिकारी विचारावयाचे थांबतील.