ॲक्सोलोटलच्या टाकीत बदामाचे पान

झाडाखाली पडलेले बदामाचे पान झाडूवाल्याच्या लेखी कचरा. मत्स्यालयाच्या दुकानात तेच पाकिटात घालून विकतात. हा बदाम खिरीत घालायचा नव्हे. रस्त्याकडेला मजल्यामजल्यांनी फांद्या पसरणारा, पाने तांबडी करून मग गाळणारा, तो हा. हिरडा, बेहडा, ऐन हे त्याचे भाऊबंद. हिरड्याने कातडे कमावतात ते त्यातल्या टॅनिनमुळे, कारण टॅनिन प्रथिनांना घट्ट धरते. बदामाचे वाळके पान पाण्यात मुरले की टॅनिन आणि ह्युमिक आम्ले उतरतात, पाणी कोऱ्या चहासारखे दिसू लागते आणि काही जिवाणूंची, पाणबुरशीची वाढ मंदावते.

ॲक्सोलोटल पाळणाऱ्यांना नेमकी या पाणबुरशीची धास्ती असते. मेक्सिको सिटीतल्या सोचिमिल्कोच्या कालव्यांमधला हा सॅलॅमँडर जन्मभर पाण्यातच राहतो. त्याचे झुपकेदार कल्ले उघडे असतात आणि पाणी बिघडले की त्यांवर पांढरे पुंजके धरतात. त्वचा इतकी शोषक, की मॅलॅकाइट ग्रीनसारखी माशांची औषधे त्याला बाधतात. मग सौम्य पान बरे वाटते, आणि ते गैरही नाही.

पण पान औषध नव्हे. शिवाय ते बेट्टा माशाला जितके मानवते तितके ॲक्सोलोटलला मानवेलच असे नाही: त्याला थोडे कठीण, ७.४ ते ७.६ पीएचचे पाणी लागते. मराठवाड्यातल्या बोअरच्या जड पाण्यात दोन पाने टाकली तरी पीएच फारसा हलत नाही. मुंबईच्या मृदू नळाच्या पाण्यात मात्र तो झटकन उतरू शकतो. तो सहाच्या खाली गेला, की अमोनिया पचवणारे फिल्टरमधले जिवाणूच सुस्तावतात. म्हणून टाकीपुढे पाकीट नव्हे, आधी चाचणीचे किट धरावे.

आणि थर्मामीटर. या प्राण्याला १६ ते १८ अंश सेल्सिअस पाणी लागते; २४ च्या वर तो कष्टी होतो, खाणे टाकतो, आणि पुंजके बहुधा अशाच वेळी धरतात. चिलरशिवाय एप्रिलमध्ये ॲक्सोलोटल ठेवून त्यात पाने घालत बसणे हा, माझ्या मते, निव्वळ खुळेपणा आहे.

पान वापरायचेच, तर आपोआप गळलेले, पूर्ण तपकिरी झालेले, फवारणी न झालेल्या झाडाचे घ्यावे. धुऊन वेगळ्या बादलीत भिजवावे आणि फक्त अर्क टाकीत घालावा. ॲक्सोलोटल भक्ष्य पाण्यासकट ओढून घेतो. कुजलेल्या पानाचे तुकडेही मग पोटात जातात.