एका सहीची किंमत

बँकेत सहीला फार मान. खातेदाराची नमुना सही जपून ठेवायची आणि चेकवरची सही तिच्याशी ताडून पाहायची, यातच आमचे आयुष्य गेले. त्यामुळे असेल कदाचित, पण आर्थर मिलर यांचे ‘द क्रूसिबल’ वाचताना माझे लक्ष चेटकिणींपेक्षा त्यातल्या कागदांकडे अधिक जाते. क्रूसिबल म्हणजे मूस, सोनार धातू वितळवतो ती. माणसांचा कस पाहणारे हे नाटक २२ जानेवारी १९५३ रोजी न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर आले.

कथानकाचा गाभा खरा आहे. १६९२ च्या हिवाळ्यात अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्समधल्या सेलम गावी धर्मोपदेशक सॅम्युएल पॅरिस यांच्या घरातल्या दोन लहान मुली विचित्र वागू लागल्या. अंगाला आळोखेपिळोखे द्यायच्या, किंचाळायच्या. हे चेटूकच, असे ठरले. प्रथम नावे आली ती टिटुबा नावाची गुलाम स्त्री, एक भीक मागणारी बाई आणि एक आजारी म्हातारी यांची. म्हणजे ज्यांची बाजू घ्यायला कोणी पुढे येणार नाही अशांची! मग आग घराघरांत पसरली. दीडशेहून अधिक लोकांवर आरोप झाले. १४ स्त्रिया आणि ५ पुरुष फासावर गेले. ऐंशीच्या घरातला जाइल्स कोरी आरोपाला उत्तरच देईना, म्हणून त्याच्या अंगावर वजन रचत रचत त्याला मारले.

हे सारे झाले ते रीतसर न्यायालयात. “अमकीची छाया मला चिमटे काढते,” असे एखादी मुलगी म्हणाली की तो पुरावा! ती बाई त्या वेळी आपल्या घरी असली तरी उपयोग नाही. छाया कुठेही जाऊ शकते. त्यातून वाचायची एकच वाट होती. गुन्हा कबूल करायचा आणि जमल्यास आणखी चार नावे सांगायची. फासावर गेले ते ‘मी निर्दोष’ म्हणणारेच. साहजिकच नावांची साखळी लांबत गेली. बांधावरची जुनी भांडणेही तिच्यात ओवली गेली. नाटकातला पटनम तर शेजाऱ्याच्या जमिनीवरच डोळा ठेवून आहे.

आता नाटकातल्या सह्या पाहा. तीन निरपराध स्त्रियांच्या चांगल्या वर्तणुकीची ग्वाही देणारा ९१ गावकऱ्यांच्या सह्यांचा कागद न्यायालयात येतो. न्यायाधीश डॅनफर्थ तो वाचतात आणि त्या सगळ्यांनाच चौकशीसाठी पकडून आणायला सांगतात. चांगुलपणाची साक्ष देणे हाच संशय ठरतो! पाद्री हेल यांनी ७२ मृत्युदंडाच्या हुकुमांवर सही केलेली आहे आणि आता त्यांचे मन त्यांना खाते आहे. शेवटी शेतकरी जॉन प्रॉक्टर. जीव वाचवण्यासाठी तो खोटी कबुली देतो, सहीही करतो. पण दुसऱ्या कुणाचे नाव घेत नाही, आणि तो कागद चर्चच्या दारावर लावणार हे कळताच फाडून टाकतो. मुलांना देण्यासारखे त्याच्याजवळ नावाखेरीज काहीच उरलेले नसते.

मिलर यांनी इतिहासात फेरफार केले आहेत. खरा प्रॉक्टर साठीचा होता आणि ॲबिगेल अकरा-बारा वर्षांची. त्यांचे प्रेमप्रकरण नाटककाराच्या कल्पनेतले आहे. मात्र खऱ्या प्रॉक्टरसाठी इप्सविच गावच्या तीसहून अधिक शेजाऱ्यांनी अर्जावर सह्या केल्या होत्या. त्या दिवसांत ही सही म्हणजे आपल्याच गळ्यात दोर अडकवून घेण्यासारखे होते. अर्जाचा उपयोग झाला नाही. १९ ऑगस्ट १६९२ ला प्रॉक्टरला फाशी झाली.

मिलर यांना हा विषय सुचला तो स्वतःच्या काळामुळे. अमेरिकेत तेव्हा कम्युनिस्टांची शोधाशोध चालू होती. तिथेही सुटकेची वाट तीच, दुसऱ्यांची नावे सांगा. मिलर यांची नाटके बसवणारे दिग्दर्शक इलिया कझान यांनी १९५२ मध्ये संसदीय समितीपुढे जुन्या सहकाऱ्यांची नावे सांगितली. १९५६ मध्ये मिलर यांनाच बोलावणे आले. स्वतःबद्दल ते बोलले, पण इतरांची नावे सांगायला त्यांनी नकार दिला. १९५७ मध्ये ते दोषी ठरले. १९५८ मध्ये वरच्या न्यायालयाने तो निकाल फिरवला. प्रॉक्टरचा प्रसंग लिहिणाऱ्याला तो जगून दाखवावा लागला.

सेलममध्ये पुढे पश्चात्तापही झाला. १६९७ मध्ये १२ ज्यूरींनी माफीच्या निवेदनावर सह्या केल्या. तरीही दोषी ठरलेल्यांपैकी शेवटचे नाव, एलिझाबेथ जॉन्सनचे, निर्दोष ठरायला २०२२ साल उजाडावे लागले. नावाला डाग लावायला एक दुपार पुरते आणि पुसायला ३३० वर्षे!

आजच्या अफवेला तर सहीदेखील नसते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी समजून भिक्षा मागून जगणाऱ्या ५ जणांना जमावाने ठार मारले. त्याआधी हीच अफवा मोबाइलवरून हातोहात फिरत होती. ती कुणी लिहिली हे विचारायला कोणी थांबले नाही. असा मजकूर आपल्या हातात येईल तेव्हा एवढेच विचारावे, याच्या खाली मी माझे नाव घालीन का? उत्तर ‘नाही’ असेल, तर तो पुढे पाठवू नये.