ॲपसोबत आलेला मजकूर

भ्रमणध्वनीला संकेत मिळत नाही अशा दुर्गम गावातही एखाद्या अधिनियमाची कलमे किंवा शब्दकोशातील अर्थ दाखविणारे ॲप बिनदिक्कत चालते. पुष्कळांना याचे नवल वाटते. वस्तुतः तो मजकूर त्या क्षणी दूरच्या संगणकावरून आणला जात नसतो. ॲप फोनमध्ये बसविले गेले त्याच वेळी तोही त्याच्याबरोबर फोनमध्ये दाखल झालेला असतो. शाळा, ग्रामपंचायती व तालुका कार्यालये यांच्या दैनंदिन कामात अशा ॲपचा वापर होत असल्याने ही व्यवस्था कशी चालते आणि तिच्यावर कितपत विसंबावे, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

गाठोड्याची रचना

अँड्रॉइड पद्धतीच्या फोनवरील ॲप म्हणजे एक बांधलेले गाठोडेच होय. त्यास एपीके असे नाव असून त्याची अंतर्गत रचना १९८९ पासून प्रचारात असलेल्या झिप पद्धतीची असते. फोनने पाळावयाच्या आज्ञा, चित्रे, पडद्याची मांडणी अशा बाबी त्यात वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवलेल्या असतात. यांपैकी 'ॲसेट्स' नावाच्या कप्प्यात कर्त्याने घातलेली फाइल आहे त्याच स्वरूपात राहते. या कप्प्यावर भांडारपालासारखी एक यंत्रणा नेमलेली असते. ॲपने फाइलचे नाव सांगावे आणि तिने ती उघडून द्यावी, असा हा व्यवहार आहे. मात्र हा भांडारपाल काटेकोर असतो. नावात एका अक्षराचा फरक पडला तरी तो रिकाम्या हाताने परत पाठवितो.

या कप्प्यातील फाइल वाचता येते, तीत लिहिता येत नाही. संपूर्ण गाठोड्यावर कर्त्याची अंकीय स्वाक्षरी असते. आतील एखादे कलम कोणी परस्पर बदलले तर स्वाक्षरी जुळत नाही व असे गाठोडे फोन बसवून घेत नाही. दुसऱ्याच कोणाच्या स्वाक्षरीने पुन्हा बांधलेले गाठोडे मूळ ॲपची पुढील आवृत्ती म्हणून स्वीकारले जात नाही. वाचकाने केलेल्या खुणा व टिपणे यांसाठी अर्थातच ॲपला फोनमध्ये स्वतंत्र जागा घ्यावी लागते.

अक्षरे आणि बाइट

फाइलमध्ये प्रत्यक्षात अक्षरे नसून अंक असतात. कोणता अंक म्हणजे कोणते अक्षर, हे युनिकोड या संकेतप्रणालीने ठरविलेले आहे. ते अंक साठविण्याची यूटीएफ-८ ही रीत केन थॉम्प्सन व रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये तयार केली. या रीतीत रोमन अक्षरास एक बाइट लागतो, तर देवनागरीतील प्रत्येक चिन्हास तीन. 'ग्रामपंचायत' या शब्दात काना, अनुस्वार व हलन्त धरून अकरा चिन्हे आहेत. म्हणजे तो तेहतीस बाइटांचा झाला. मोठी फाइल तुकड्यातुकड्याने वाचताना एखादा तुकडा या तीन बाइटांच्या मध्येच तुटला आणि प्रत्येक तुकडा वेगवेगळा उलगडला, तर ते अक्षर पडद्यावर उमटत नाही. त्याच्या जागी चौकोन किंवा प्रश्नचिन्ह दिसते. त्यासाठी बाइटांऐवजी अक्षरांचा किंवा ओळींचा हिशेब ठेवून वाचन करावे लागते.

मराठी मजकुराच्या बाबतीत आणखी दोन अडचणी संभवतात. युनिकोड रूढ होण्यापूर्वी छपाईसाठी टंकलिखित केलेली पुष्कळ परिपत्रके अशा खासगी टंकांत आहेत, की ज्यांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसविलेले असत. तो टंक नसलेल्या फोनवर अशी फाइल उघडली की निरर्थक रोमन अक्षरांची रांग दिसते. तिचे आधी युनिकोडमध्ये रूपांतर करून घेण्यावाचून गत्यंतर नाही. दुसरी अडचण शोधाची आहे. 'ॲ' या स्वराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान २००८ मध्ये मिळाले. त्याआधी 'अ' लिहून त्यावर चंद्र देत असत व अनेक जण अजूनही तसेच टंकलेखन करतात. डोळ्यांना दोन्ही रूपे सारखीच दिसतात, यंत्राला मात्र ती भिन्न वाटतात. परिणामी, 'ॲप' हाच शब्द शोधू पाहणाऱ्यास तो समोर असूनही सापडत नाही! मजकूर गाठोड्यात घालण्यापूर्वी सर्वत्र एकच रूप योजणे, हा त्यावरील सोपा उपाय आहे.

मजकूर शिळा होतो

खरा धोका याहून वेगळा आहे. ॲपसोबत आलेली फाइल आपण होऊन बदलत नाही. भारतीय दंड संहिता, १८६० हिच्या जागी १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, २०२३ अमलात आली. जुन्या संहितेत खुनाची शिक्षा कलम ३०२ मध्ये होती. नव्या संहितेत ती कलम १०३ मध्ये आहे. नव्या संहितेचे कलम ३०२ धार्मिक भावना दुखावण्याच्या हेतूने काढलेल्या उद्गारांविषयी आहे. २०२४ पूर्वी घेतलेले आणि तेव्हापासून अद्ययावत न केलेले ॲप मात्र जुनेच कलम दाखवीत राहील, तेही तितक्याच ठाम मुद्रेने. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ याचीही हीच गोष्ट. मुख्य माहिती आयुक्तांची पाच वर्षांची मुदत मूळ कलम १३ मध्ये निश्चित केलेली होती. २०१९ च्या सुधारणेने ती ठरविण्याचा अधिकार केंद्र शासनाकडे गेला. जुन्या फाइलच्या आधारे ग्रामसभेत किंवा वर्गात दिलेले उत्तर चुकीचे ठरते, आणि ऐकणाऱ्यांना ते पडताळून पाहण्याचे साधन हाताशी नसते.

यावर दुहेरी व्यवस्था करता येते. संकेत उपलब्ध असेल तेव्हा ॲपने नव्या आवृत्तीची चौकशी करावी व ती मिळाल्यास स्वतःच्या साठवणीत उतरवून तीच वाचावी. न मिळाल्यास गाठोड्यातील मूळ फाइल उघडावी. कोणती फाइल उघडली आहे व तिच्यातील मजकूर कोणत्या दिनांकापर्यंतचा आहे, हे पहिल्याच पानावर छापलेले असावे. ॲप तयार करवून घेणाऱ्या कार्यालयाने कामाच्या अटींतच ही बाब नमूद केली, तर नंतरचा पत्रव्यवहार वाचतो.

जुनी फाइल काढून टाकावी असे मात्र नाही. १ जुलै २०२४ पूर्वी घडलेल्या अपराधांना जुनी दंड संहिताच लागू असल्याने, पोलीस पाटलाच्या फोनमध्ये दोन्ही संहिता आपापल्या अंमलाच्या दिनांकासह शेजारीशेजारी असणे सोयीचे ठरते.